रखडलेला निकाल: प्राध्यापक कुलगुरू होतो तेव्हाचं एक प्रकरण

हे प्रकरण एका निकालाचं आहे. महाराष्ट्रातल्या एका राज्य विद्यापीठात अभियांत्रिकीच्या हिवाळी परीक्षेचा निकाल रखडला. नव्याने रुजू झालेल्या कुलगुरूंनी परीक्षा विभागात स्वतः ठाण मांडून तो लावला आणि सगळीकडून वाहवा मिळवली. पुढची उन्हाळी परीक्षा झाली, निकाल पुन्हा त्याच जागी अडकला, आणि या वेळी त्यांनी त्याला हात लावायचं साफ नाकारलं. पहिल्या वेळी हार मिळाले होते, दुसऱ्या वेळी शिव्या मिळाल्या. माझ्या मते त्यांची कुलगुरू म्हणून कारकीर्द सुरू झाली ती दुसऱ्या वेळेपासून. पहिल्या वेळी त्या खुर्चीत बसून एक हुशार प्राध्यापकच काम करत होता.

हे कुलगुरू गोव्याचे, फोंडा तालुक्यातले. मी त्यांचा विद्यार्थी, आणि पुढे त्यांच्याच विभागातला सहकारी. नाव, विद्यापीठ आणि साल लिहायचं नाही या अटीवर त्यांनी हे सगळं मांडायला परवानगी दिली, म्हणून इथे त्यांना नुसतं ‘सर’ म्हणतो. आमच्याकडे आज चाळिशी-पन्नाशीतले जे विभागप्रमुख आहेत, त्यांच्यातले काही जण उद्या प्राचार्य, संचालक, कुलगुरू होणार आहेत. त्यांनी हे वाचावं असं मला मनापासून वाटतं.

सरांची घडण

सरांच्या पदवीवर मुंबई विद्यापीठाचा शिक्का आहे. गोवा विद्यापीठाचा कायदा १९८४ चा आणि विद्यापीठ सुरू झालं १९८५ मध्ये. त्याआधी गोव्यातली महाविद्यालयं मुंबईला जोडलेली होती. स्थापत्य अभियांत्रिकीचे अधिव्याख्याते म्हणून सर नुकते लागले होते तेव्हा, ५ जुलै १९८६ ला, मांडवीवरचा पूल कोसळला. १९७० मध्ये बांधलेला पूल. सोळा पावसाळे काढले आणि गेला. पूर्वताणित काँक्रीटमधल्या, म्हणजे आधीच ताण देऊन बसवलेल्या पोलादी तारांच्या, केबल गंजल्या हे त्यामागचं मोठं कारण मानलं गेलं. नवा पूल होईपर्यंत पणजी आणि बेतीच्या मधली वाहतूक फेरीबोटींवर आली. ज्यांनी ती वर्षं पाहिली त्यांना धक्क्यावरच्या रांगा अजून आठवतात.

सरांनी तिथून गंज हाच विषय धरला आणि तीस वर्षं सोडला नाही. खाऱ्या हवेतलं मीठ काँक्रीटमधून झिरपत सळईपर्यंत पोचतं. सळई गंजली की गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट होतं, त्या दाबाने वरचं काँक्रीट तडकतं आणि मग सुटून पडतं. तडा दिसतो तेव्हा आतलं काम बरंच पुढे गेलेलं असतं. सर वर्गात १९७८ आणि २००० ची आयएस ४५६ ही काँक्रीट बांधकामाची दोन्ही भारतीय मानकं शेजारी शेजारी उघडी ठेवायचे. तुळईच्या मुख्य सळईवर जुन्या मानकात किमान २५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, पुरायचं. नव्यात किनाऱ्याच्या हवेत उघड्या असलेल्या काँक्रीटला ४५ सांगितलंय. ‘हे वीस मिलिमीटर म्हणजे किनाऱ्यावरच्या एका पिढीच्या इमारती’ असं ते म्हणत, आणि ठेकेदारांच्या बैठकीतही हेच सांगत.

त्यांची मोजण्याची पद्धत इथे सांगायला हवी, कारण पुढे ती कामाला आली. स्लॅबवर खडूने चौकोन आखायचे. प्रत्येक छेदबिंदूवर काँक्रीट ओलं करून कॉपर सल्फेटचा हाफ-सेल, म्हणजे मोजणीसाठीचा संदर्भ विद्युतध्रुव, टेकवायचा आणि त्याच्या तुलनेत सळईवर किती मिलिव्होल्ट येतात ते लिहायचं. उणे २०० पेक्षा कमी ऋण आकडा आला तर बहुधा काळजी नाही. उणे ३५० च्या पलीकडे गेला तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त. मधल्या पट्ट्यात ठाम काही सांगता येत नाही. एका आकड्यावरून निष्कर्ष काढणाऱ्या विद्यार्थ्याला सर परत गच्चीवर पाठवत. सगळे चौकोन भरल्याशिवाय ते नकाशाकडे बघतही नसत.

मधल्या पायऱ्या

विभागप्रमुख, मग अधिष्ठाता, विद्या परिषदेचे सदस्य, आणि तिथून थेट कुलगुरू. सरांची वाट ही अशी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत कुलगुरूपदासाठी प्राध्यापक म्हणून किंवा नावाजलेल्या संशोधन वा शैक्षणिक-प्रशासकीय संस्थेत दहा वर्षांचा अनुभव मागितला आहे. मोठ्या कारभाराचा अनुभव किती हवा, हे मात्र कुलगुरू निवडणाऱ्या शोध समितीच्या समजुतीवर. महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे समिती नावांची यादी राज्यपालांकडे, म्हणजे कुलपतींकडे देते, मुलाखत होते आणि एका सकाळी आदेश निघतो. काल ज्याच्या हाताखाली दहा-बारा प्राध्यापक आणि दोन प्रयोगशाळा होत्या, त्याच्या टेबलावर आज शेकडो महाविद्यालयं येतात.

याच्या शेजारी जॉन हेनेसींची कारकीर्द ठेवून बघा. १९७७ मध्ये ते स्टॅनफर्डला विद्युत अभियांत्रिकीचे साहाय्यक प्राध्यापक झाले. १९८१ मध्ये मिप्स प्रोसेसरचं संशोधन हाती घेतलं, १९८४ मध्ये त्याच कामावर कंपनी काढली. मग संगणकशास्त्र विभागाचे प्रमुख, १९९६ मध्ये अभियांत्रिकीचे अधिष्ठाता, १९९९ मध्ये प्रोव्होस्ट, म्हणजे विद्यापीठाचा शैक्षणिक कारभार आणि अंदाजपत्रक प्रत्यक्ष चालवणारा माणूस. २००० मध्ये अध्यक्ष झाले आणि २०१६ पर्यंत राहिले. २०१७ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना डेव्हिड पॅटरसनबरोबर मिळाला तो ऐंशीच्या दशकातल्या प्रोसेसरच्या कामासाठी. पुरस्कारापेक्षा मला त्यांच्या पायऱ्या महत्त्वाच्या वाटतात. प्रत्येक पायरीवर आधीपेक्षा मोठं अंदाजपत्रक, आधीपेक्षा जास्त माणसं, आणि स्वतःच्या हाताने करायचं काम आधीपेक्षा कमी. आपल्याकडे हे हात सोडणं शिकवणारी मधली पायरी फार थोड्यांना मिळते.

गोव्यात तर आणखीच कमी. सरकारी विद्यापीठ एकच, सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयही एकच. बिट्स २००४ मध्ये आलं, एनआयटी २०१० मध्ये, आयआयटी २०१६ मध्ये, पण त्यांच्या संचालकपदाच्या वाटा देशभरातून येतात. गोवा विद्यापीठाला नव्वदच्या दशकात प्रा. बी. एस. सोंदे हे इलेक्ट्रॉनिक्सचे प्राध्यापक कुलगुरू म्हणून लाभले, तेही बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून आलेले. इथल्या इंजिनिअरिंगच्या माणसाला मोठा कारभार बघायचा तर बहुधा गोव्याबाहेर जावं लागतं. सर गेले.

पहिला निकाल

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ सांगतो की परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा, आणि काही झालं तरी ४५ दिवसांच्या पुढे जाऊ नये. गेला तर कारणांसह अहवाल कुलपतींना आणि सरकारला द्यावा लागतो. हे कागदावरचं कलम नाही. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने एकदम सगळ्या उत्तरपत्रिकांची ऑनस्क्रीन तपासणी सुरू केली, निकाल महिनोन्महिने लांबले, आणि त्या ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. तेव्हापासून महाराष्ट्रातला प्रत्येक कुलगुरू निकालाच्या तारखेकडे डोळे लावून असतो.

सर रुजू झाल्यावरची ती पहिलीच परीक्षा. ४५ दिवस उलटले. परीक्षा विभाग म्हणत होता तपासणी झालीय, महाविद्यालयं म्हणत होती गुण पाठवलेत, आणि निकाल काही लागत नव्हता. सरांनी लॅपटॉप घेतला आणि संध्याकाळी सहाला परीक्षा विभागात जाऊन बसले. चार रात्री बसले.

अडचण अशी होती. अभ्यासक्रम नुकताच बदलला होता. एटीकेटीची, म्हणजे काही विषय राहिलेले असताना पुढच्या वर्षात गेलेली, मुलं जुन्या अभ्यासक्रमाचे विषय देत होती, पण जुन्या कुठल्या विषयाला नवा कुठला विषय समकक्ष, याचा तक्ता अर्धवटच होता. काही महाविद्यालयांनी अंतर्गत गुण जुन्या सांकेतांकावर भरले, काहींनी नव्या. बैठक क्रमांक जुळत, विषय जुळत नसे. अशा प्रत्येक मुलाच्या नावापुढे संगणक ‘राखीव’ लिहायचा, आणि राखीवांची संख्या एवढी फुगली की निकाल समिती सही करायला तयार नव्हती. सरांनी स्वतः छोटी आज्ञावली लिहून दोन्ही याद्या जुळवल्या. जे जुळेना त्यावर मूळ अंतर्गत गुणपत्रकं मागवून एकेक निर्णय स्वतः दिला. पाचव्या दिवशी निकाल लागला. वर्तमानपत्रात फोटो आला. विद्यार्थी संघटनेने पुष्पगुच्छ दिला. गोव्यात आम्हाला इतका अभिमान वाटला की विभागात पेढे वाटले.

त्या आठवड्यात सरांनी जे काही केलं त्यात चुकीचं म्हणावं असं मला आजही काही सापडत नाही. मुलांचं वर्ष टांगणीला लागलेलं असताना ज्याला उत्तर येतं त्याने ते काढावं. खोट निराळीच होती. निकाल लागल्यावर परीक्षा विभागात कुणीच काही बदललं नाही, कारण बदलायचं कारणच उरलं नव्हतं. समकक्षतेचा तक्ता अर्धवटच राहिला. अडलं तर कुलगुरू येऊन बसतात, एवढी एकच नवी गोष्ट सगळे शिकले.

चवथीची सुट्टी

उन्हाळी परीक्षेनंतर ऑगस्टमध्ये पुन्हा तेच. राखीव, राखीव, राखीव. फरक एवढाच की या वेळी परीक्षा विभाग शांत होता. फाइल कनिष्ठ लिपिकाकडून निघाली, अधीक्षकांकडे गेली, साहाय्यक कुलसचिव, उपकुलसचिव, संचालक असा प्रवास करत कुलगुरूंच्या टेबलावर आली. प्रत्येकाने खाली एकच शेरा मारला होता: ‘मा. कुलगुरू महोदयांच्या आदेशार्थ सादर.’ पाच सह्या, आणि निर्णय एकही नाही. गंमत म्हणजे या पाचांतल्या निदान दोघांना त्या प्रश्नाचं उत्तर ठाऊक होतं, हे सरांना चौकशी केल्यावर कळलं.

त्याच दिवसांत सर चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, गोव्यात घरी आले. मी दुसऱ्या दिवशी दर्शनाला गेलो. सोप्यावर बसलो होतो, आत आरती आटोपून पंचखाद्य वाटणं चाललं होतं. मी एक फाइल बरोबर नेली होती. खरं तर चवथीला कुणाच्या घरी कामाची फाइल नेऊ नये, पण माझा नाइलाज होता. सरांच्या प्रयोगशाळेतले काँक्रीटचे नमुने एका जुन्या जेटीला भरती-ओहोटीच्या पट्ट्यात टांगलेले होते आणि दर महिन्याला त्यांचं वाचन घ्यावं लागे. होडीच्या भाड्याच्या मंजुरीवर प्रकल्पप्रमुखाची सही लागते. प्रकल्पप्रमुख अजून सरच होते. सही वेळेत न मिळाल्याने दोन महिन्यांची वाचनं बुडाली होती. पीएचडी करणारी मुलगी रडकुंडीला आली होती, पण सरांना सांगायचा तिला धीर होत नव्हता.

सरांनी फाइल उघडली. माझी टिप्पणी वाचली. खाली मी लिहिलं होतं, ‘आदेशार्थ सादर.’

‘हे तू लिहिलंस?’

‘हो सर.’

‘होडी ठरवायला तुला माझा आदेश कशाला हवा होता?’

‘सही तुमची लागते ना, सर.’

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आतून आलेखाचा कागद आणि पेन्सिल घेऊन आले. आडव्या ओळीत परीक्षेचे टप्पे मांडले: शेवटचा पेपर, गठ्ठे केंद्रावर पोचणं, कोडिंग (बैठक क्रमांक झाकून सांकेतिक क्रमांक देणं), तपासणी, मॉडरेशन (फेरपडताळणी), डिकोडिंग, अंतर्गत गुणांची जुळणी, तक्ता, निकाल समिती, सही. उभ्या ओळीत महाविद्यालयांचे गट. स्लॅबवर चौकोन आखावेत तसेच आखले. मग फोन काढून परीक्षा विभागातल्या एका अधीक्षकाला लावला, सणाच्या दिवशी त्रास देतोय म्हणून आधी क्षमा मागितली, आणि प्रत्येक चौकोनात गठ्ठा किंवा फाइल किती दिवस पडून होती ते विचारत लिहीत गेले. सगळे चौकोन त्या दिवशी भरले नाहीत. पुढच्या आठवड्यात विद्यापीठात परतल्यावर आवक-जावक नोंदवही मागवून त्यांनी उरलेले भरले आणि मग मला फोन केला.

नकाशा स्पष्ट होता. प्रत्यक्ष तपासणी जेमतेम दोन आठवड्यांत झाली होती. उरलेला बहुतेक काळ कागद कुणाच्या तरी टेबलावर थांबला होता. सगळ्यात गडद चौकोन दोन होते. एक अंतर्गत गुणांच्या जुळणीचा. दुसरा कुलगुरू कार्यालयाचा, म्हणजे त्यांचा स्वतःचा.

हात न लावण्याचा निर्णय

त्यांच्यापुढे वाटा कुठल्या होत्या ते नीट बघायला हवं. पुन्हा चार रात्री बसून निकाल लावता आला असता. प्र-कुलगुरूंचा आग्रह तोच होता आणि विद्यार्थी संघटनाही तेच मागत होत्या. बाहेरच्या एजन्सीला जुळणीचं काम देता आलं असतं, पण निविदा काढून माणसं येईपर्यंत पुढची परीक्षा आली असती, आणि समकक्षता हा शैक्षणिक निर्णय असल्याने तो एजन्सी देऊही शकत नव्हती. तिसरी वाट म्हणजे ज्यांचं सगळं जुळतंय त्यांचा निकाल लगेच जाहीर करायचा, बाकीच्यांचा राखीव ठेवायचा, आणि तो सोडवायचं काम ज्यांचं आहे त्यांच्याकडूनच करवून घ्यायचं.

सरांनी तिसरी धरली. नियमित विद्यार्थ्यांचा निकाल लावला. राखीव प्रकरणांसाठी संबंधित अभ्यास मंडळांच्या अध्यक्षांना बोलावलं, समकक्षतेचा तक्ता पुरा करून सही केल्याशिवाय बैठक संपणार नाही असं सांगितलं, आणि उपकुलसचिवांना लेखी अधिकार दिला: तक्त्यात बसणारं प्रत्येक प्रकरण तुम्ही निकाली काढायचं, माझ्याकडे पाठवायचं नाही. पाठवलेल्या फाइली त्यांनी खरोखरच न उघडता परत केल्या. कुलपतींकडे जो अहवाल गेला त्यात विलंबाच्या कारणांमध्ये कुलगुरू कार्यालयात फाइली किती दिवस पडून होत्या हेही लिहिलं. व्यवस्थापन परिषदेतल्या काहींना ते अजिबात रुचलं नाही. अशा अहवालात स्वतःचं कार्यालय कुणी घालत नाही.

राखीव निकाल लागायला आणखी तीनेक आठवडे गेले. दारात आंदोलन झालं. गेल्या वेळी चार रात्रींत लावला, मग आता का नाही, हा प्रश्न रोज विचारला जात होता आणि प्रश्न अगदी रास्त होता. अंतिम वर्षाच्या एका मुलाचा जुना विषय राखीवात अडकला, कंपनीने रुजू होण्याची तारीख एकदा वाढवून दिली, दुसऱ्यांदा दिली नाही. त्याच्या हातची नोकरी गेली.

इथे माझं सरांशी पटत नाही, आणि मी त्यांना तसं तोंडावर सांगितलं आहे. कामाची पद्धत सुधारण्यासाठी काही आठवडे घेणं मला मान्य आहे. पण अंतिम वर्षाच्या, हातात नेमणूकपत्र असलेल्या मुलांची यादी पहिल्याच दिवशी वेगळी काढता आली असती. ती मुलं मोजकी होती. त्यांच्यापुरता निर्णय त्यांनी स्वतः दिला असता तर पद्धत बिघडली नसती. सरांचं म्हणणं असं की एक अपवाद केला असता तर संध्याकाळपर्यंत शंभर शिफारशी आल्या असत्या, आणि सगळा विभाग पुन्हा त्यांच्या दाराकडे बघत बसला असता. ते म्हणणं मला कळतं. तरीही एका मुलाची नोकरी ही त्या धड्याची किंमत म्हणून मला जड वाटते, आणि हे प्रकरण शिकवायला घेणाऱ्या कुणीही ती वगळू नये.

नंतर काय बदललं

समकक्षतेचा तक्ता आता परीक्षेचे अर्ज सुटण्याआधी अभ्यास मंडळाने द्यायचा, असं ठरलं. अंतर्गत गुणांवर सूचना आली होती की ज्या महाविद्यालयाने गुण भरले नाहीत त्याच्या विद्यार्थ्यांना प्रवेशपत्रच देऊ नये. सरांनी ती फेटाळली: चूक महाविद्यालयाची आणि परीक्षेला मुकणार विद्यार्थी, हे कुठलं न्यायाचं? त्याऐवजी उशीर करणाऱ्या महाविद्यालयाला दंड, आणि प्राचार्यांच्या नावाने पत्र. जुळणीतल्या साध्या चुका साहाय्यक कुलसचिवांच्या पातळीवर सुटायच्या, तक्त्याबाहेरच्या निकाल समितीकडे जायच्या. कुलगुरूंकडे दर सोमवारी एकच पान यायचं: कुठल्या टप्प्यावर कुठला गठ्ठा किती दिवस थांबलाय. त्या पानावर ते नावं विचारत, पण निर्णय लिहीत नसत.

पुढच्या हिवाळी परीक्षेचा निकाल मुदतीत लागला. त्या दिवशी सर मंगेशीच्या जत्रेसाठी गावात होते. निकाल लागल्याचं त्यांना परीक्षा संचालकांनी फोनवर कळवलं, आणि कळवण्यापलीकडे त्या फोनला काही काम नव्हतं. याची बातमी कुठल्या वर्तमानपत्रात आली नाही. मुदतीत लागलेला निकाल ही बातमी होत नाही.

प्रयोगशाळेचं मात्र त्यांना जास्त अवघड गेलं. चवथीनंतरच्या महिन्यात त्यांनी प्रकल्पप्रमुखपद विभागातल्या एका तरुण सहकारी बाईंकडे दिलं, पीएचडीचं मार्गदर्शनही. त्या बाईंनी पहिल्याच वर्षी जेटीवरच्या नमुन्यांची दिशा बदलली. सरांचा भर कव्हर आणि मिठाच्या झिरपण्यावर होता. बाईंनी फ्लाय अॅश (कोळशाची राख) आणि स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) घातलेल्या काँक्रीटच्या तुलनेकडे काम वळवलं. पहिला शोधनिबंध आला त्यावर सरांचं नाव नव्हतं. नियमाने बरोबरच होतं ते. सरांनी निबंध वाचून एका आलेखाच्या अक्षावरची चूक कळवली, बाकी काही लिहिलं नाही. मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो, त्यांना लागलं होतं हे मला कळलं. तीस वर्षांचा विषय होता तो.

म्हणूनच मी आमच्या विभागप्रमुखांना सांगत असतो की कुलगुरूपदाचा अर्ज भरण्याआधी आपली प्रयोगशाळा कुणाच्या हाती द्यायची ते ठरवा, आणि अर्ज करायच्या वर्षीच ती देऊन टाका. नेमणूक झाल्यावर देऊ म्हटलं की होत नाही. गोव्यात फोंड्याहून पणजी तासाभरात गाठता येते, त्यामुळे दोन्ही डगरींवर हात ठेवता येतील असं वाटतं. जेटीवरच्या बुडलेल्या वाचनांनी ते खोटं ठरवलं.

त्या मुलाचं पुढे काय झालं, हे सरांनी शोधून काढलं. त्याला वर्षभराने दुसरीकडे नोकरी लागली, पगार कमी. सरांनी त्याला भेटायला बोलावलं, तो आला नाही. कारकिर्दीच्या शेवटच्या वर्षी विद्या परिषदेत त्यांनी एक तरतूद मंजूर करून घेतली: राखीव निकालातल्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याने नेमणूकपत्र दाखवलं तर उपकुलसचिवांनी सात दिवसांत त्याचं प्रकरण आधी निकाली काढायचं, किंवा तात्पुरतं प्रमाणपत्र द्यायचं. आमचा वाद तेव्हाही मिटला नव्हता. ते म्हणाले, अपवाद आणि नियम यांत फरक आहे, तेव्हा अपवाद मागत होतास, आता नियम झालाय. मी म्हटलं, सर, हा नियम त्या ऑगस्टमध्येही एका परिपत्रकाने करता आला असता. त्यावर ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, ‘आला असता.’